दुसऱ्या पाळीची ढोकरी

आमच्या घरी पाहुण्याची पायरी त्याच्या पानात पडलेल्या मासळीच्या तुकडीवरून कळायची. वाटेवरचा कुणी टेकला तर त्याला सुकट-भाकर, नात्यातला आला तर बोइटाचं कालवण, आणि ज्याच्यापुढे घराची मान ताठ ठेवायची त्याच्यासाठी परसातल्या तळ्यातला जिताडा. बाळकुमात तेव्हा आमच्या आगऱ्यांच्या बहुतेक घरांमागे असं एक तळं असे. पावसाचं पाणी साठायचं, त्यात खाडीवरून आणलेली जिताड्याची पिल्लं सोडायची आणि ती मोठी होईपर्यंत डोळ्यांत तेल घालून जपायची. जिताडा विकायचा नसतो, उगाच खायचा नसतो. लग्नाची बोलणी, हळद, व्याही, जावई यांच्यासाठी तो राखून ठेवायचा असतो. मुलीच्या अंगावरचं सोनं आणि परसातला जिताडा, दोन्ही बघून आमच्याकडे सोयरीक व्हायची. आज त्या तळ्यावर अठ्ठावीस मजली इमारत उभी आहे आणि मी तिच्या चौथ्या मजल्यावर राहते. तरी खाली पाहिलं की मला आधी तळं दिसतं, मग मोटारी दिसतात.

घर एकच, चुली दोन, आणि राज्य थोरल्या काकीचं. थोरले काका मिठागरावर आयुष्य घालवून आलेले. मिठाने त्यांचे पाय खाल्ले होते आणि काकीने त्यांचा आवाज. माझे बाबा कोलशेतच्या एका कंपनीत पाळीवर जात. थोरल्या भावापुढे आणि त्याच्या बायकोपुढे तोंड उघडायचं नाही, एवढं एकच शिस्तीचं वळण त्यांना होतं आणि ते त्यांनी मरेपर्यंत सोडलं नाही. सकाळी भाकरी थापल्याचे आवाज दोन्ही चुलींवरून यायचे. आईच्या हाताचा आवाज मऊ आणि काकीच्या हाताचा असा की भाकरीने काहीतरी गुन्हा केलाय. दुपारी कंपनीचा भोंगा व्हायचा तेव्हा म्हशीसुद्धा मान वर करायच्या. पहिली पाळी सुटली, दुसरी लागली, हे कळायला घरात घड्याळाची गरज नव्हती.

काकीचा दरबार भरायचा तळ्याच्या पायरीवर. तिथे पायात विळी धरून ती मासे साफ करी आणि आतडी, कल्ले, खवले डाव्या हाताने मागे भिरकावी. ते कुणासाठी, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. तळ्याच्या कडेला एक मोठा धोंडा होता. त्याच्यावर एक ढोकरी बसायची. बगळ्याच्या जातीची, पण बगळ्यासारखी पांढरी नाही. चिखलाच्या रंगाची, मानेवर रेघा असलेली, मान खांद्यात ओढून अशी बसते की मातीचं ढेकूळच वाटावं. दोन मुलींच्या पाठीवर काकीला बरीच वर्षं काही नव्हतं. मग एका वर्षी ही ढोकरी धोंड्यावर येऊन बसू लागली आणि त्याच वर्षी काकीला बाळू झाला. झालं. ढोकरीला लक्ष्मीचा मान मिळाला. "हिचे पावलानी माजा बालू आला," असं काकी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. त्या पाखरावर कुणी खडा उगारायचा नाही, मोठ्याने हडहुड करायचं नाही. आम्हा मुलींना एवढं प्रेम काकीने कधी दिलं नाही. पण आम्ही कल्ले खात नव्हतो, हेही खरं.

जिताड्याची पिल्लं आणायचा मान माझ्या आईच्या माहेराकडे होता. माहेर कोलशेतला, खाडीच्या अंगावर. पावसाळ्यात भरतीचं पाणी खाजणात घ्यायच्या लाकडी उघाडीपाशी माझा मामा कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून पिल्लं धरायचा. मग सायकलच्या कॅरियरला हंडा बांधून, एका हाताने हँडल आणि दुसऱ्या हाताने मागे पाणी हलवत तो बाळकुमला यायचा. पाणी हललं नाही तर पिल्लं गुदमरतात. तो अंगणात पोचायचा तेव्हा त्याचा उजवा हात कोपरापर्यंत पांढरा पडलेला असायचा. आई त्या हातावर ऊन पाणी ओतायची. काकी हंड्यात वाकून पाहायची आणि म्हणायची, "यंदा बारीक दिसतान." दर वर्षी बारीकच दिसायची तिला.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी काकीच्या थोरल्या मुलीचं, आमच्या पारूताईचं, जमवायचं चाललं होतं. तळ्यात आदल्या सालचे दोनचार दांडगे जिताडे होतेच, पण पुढे हळद, लग्न, मांडवपरतणी असं सगळं दिसत होतं, म्हणून मामाने त्या पावसात दोन खेपा केल्या. पाऊस ओसरला, पिल्लं वीतभर झाली असतील, असं धरून काकांनी एका दुपारी तळ्यात पाग टाकला. पाग म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, कडेला शिशाच्या गोळ्या लावलेलं. नीट फेकला तर हवेत सुपासारखा उघडतो. काकांनी पुन्हा पुन्हा टाकला. शिंपले आले, कोळंबी आली, एक फुटका तांब्या आला. पिल्लं आली ती हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी. बाकीची गेली कुठे?

तळ्याला बाहेर वाट नव्हती. साप म्हणावा तर दिसला असता. काकी कमरेवर हात ठेवून उभी होती आणि तिच्या भोवती शेजारच्या बायका होत्या, कारण त्या दिवशी आमच्याकडे पापड लाटायचे होते. काकीने आवाज चढवला नाही. काकी खरं वाईट बोलायची तेव्हा हळू बोलायची.

"मी दिसभर इथं बसलेली असतंय," ती म्हणाली. "माणूस येत नाय, जनावर येत नाय. ढोकरी काय, बोटभर मासली खाल तं खाल. पिलां गेली कुठं? जिचे भावाचा तला यंदा भरलाय, तिला इचारा. भाव आनून टाकतो, बईन परत पोचवतं."

आई पोळपाटाशी बसली होती. लाटणं तिच्या हातात तसंच राहिलं. शेजारच्या बायकांपैकी एकीने पदर तोंडावर घेतला, हसू लपवायला की दुसरं काही, मला आजवर कळलेलं नाही. माझे बाबा ओट्यावर उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि ते चपला शोधू लागले. पायात चपला असताना.

"गावदेवीच्या पायरीव चल नि शपथ घे," काकी म्हणाली.

आई उठली. हाताचं पीठ तिने सावकाश झटकलं. "शपथ चोरानी घ्यावी, जाऊबाय," ती म्हणाली. "मी नाय घेवाची. पन आज सांगतंय, या तल्यातला जितारा मी परत तोंडाला लावाची नाय." एवढं बोलून ती पुन्हा खाली बसली आणि तिने उरलेले पापड लाटले. सगळे गोल.

मी तेव्हा फ्रॉकमधून परकरात गेले होते. एवढी मोठी नव्हते की काकीला उत्तर देऊ शकेन आणि एवढी लहान नव्हते की विसरेन. त्या दिवशी माझ्या पोटात जे पेटलं ते आजही पुरतं विझलेलं नाही, आणि ते विझावं अशी माझी इच्छाही नाही. लोक म्हणतात, म्हातारपणी माणसाने क्षमा करावी. करावी ना, ज्याला दुसरं काही काम नसेल त्याने. मी पहिले काही दिवस किरकोळ सूड घेतले. काकीचे पापड वाळत होते तिथे कोंबड्या सोडल्या. तिच्या चुलीतली सुकी लाकडं काढून ओली भरली. पण याने आईचं नाव धुऊन निघणार नव्हतं. पाणवठ्यावर बायका आईला पाहून हळू आवाजात बोलू लागल्या होत्या, आणि मामाने येणंच बंद केलं होतं. मला चोर हवा होता. तोही असा, की काकीला तो तिच्या अंगणात, चार लोकांत दिसेल.

माणूस येत नव्हता हे काकीचं म्हणणं खरं होतं, म्हणून मी पाखरांवर नजर ठेवली. पेंढ्याच्या उडवीमागे बसून मी एकेकाला आरोपीसारखं तपासलं. सगळ्यात आधी पांढरे बगळे. गावात सगळ्यांना ते एकच वाटायचे, पण तसं नव्हतं. पिवळ्या चोचीचे होते ते म्हशींच्या मागे मागे फिरायचे, त्यांच्या खुरांनी उठलेले किडे-नाकतोडे खायचे आणि पाण्याकडे ढुंकूनही पाहायचे नाहीत. ते सुटले. दुसऱ्या पांढऱ्याची चोच काळी, पाय काळे, पण पायाची बोटं पिवळी, हळदीत बुडवल्यासारखी. तो पाण्यात एक पाय थरथरवायचा आणि घाबरून बाहेर आलेली मासळी टिपायचा, पण करंगळीएवढीच. पाणकावळा बुडी मारायचा, वर यायचा, खुंटावर पंख पसरून वाळत घालायचा. त्याच्यावर माझा फार संशय होता. पण तो आला की काकी स्वतःच ओरडून हाकलायची, त्याला पोटभर खायला मिळणं शक्य नव्हतं. तारेवरचा निळा खंड्या सूर मारायचा आणि त्याच्या चोचीत मावेल तेवढंच न्यायचा. उरली काकीची ढोकरी. ती दिवसभर बसे, कल्ले खाई, मधूनच एखादी बारीक मासळी उचली. वीतभर पिल्लू तिच्या गळ्यातून उतरणं कठीण होतं. मी रडकुंडीला आले. सगळे आरोपी निर्दोष, मग आईच चोर ठरत होती.

उत्तर मिळालं ते नवरात्रात. दर वर्षी एका संध्याकाळी घरातल्या सगळ्या बायका-मुली टेंभी नाक्याच्या देवीला जायच्या. दर्शन, गर्दी, जत्रेतले पाळणे आणि येताना मूठभर बांगड्या. आईची वर्षातली ती एकच हौस होती. त्या वर्षी काकीने सगळ्यांना हाका मारल्या, आईला नाही मारली. आई आदल्या रात्री धुऊन ठेवलेलं लुगडं पुन्हा घडी करून पेटीत ठेवत होती ते मी पाहिलं. मी पोट दुखतंय म्हणून मागे राहिले. पारूताईने मला चिमटा काढून "नाटकी" म्हटलं आणि सगळ्या गेल्या. घर एकदम रिकामं झालं. एरवी त्या वेळी तळ्यावर काकीचा आवाज, भांडी, बाळूची रडारड असायची. आज काही नव्हतं. मी उडवीमागे जाऊन बसले.

ढोकरी धोंड्यावर होती. ऊन उतरलं, पाण्यावर तांबूस उजेड आला, आणि बांबूच्या बेटातून दुसरं एक पाखरू उडत आलं. तसंच चिखलाच्या रंगाचं, तसंच रेघांचं, तसंच मान आखडलेलं. येऊन धोंड्यापाशी उतरलं. आता दोघं शेजारी शेजारी होती आणि जन्मात पहिल्यांदा मला ती दोन दिसली. आलेलं पाखरू अंगाने भारी होतं. चोच जाड, डोळा केशरी आणि रागीट. पंखांवर पांढरे ठिपके, तांदळाच्या पिठाचे शिंतोडे उडाल्यासारखे. ढोकरीच्या पाठीवर एकही ठिपका नव्हता. त्याने मोठ्याने एक "क्वाक" केलं तशी ढोकरी उडाली, आणि उडताना तिचे पंख पांढरेशुभ्र निघाले, कुणी चादर झटकावी तसे. मी हे पांढरे पंख शंभरदा पाहिले होते. तेवढ्यात त्या नव्या पाखराने धोंड्यावर जागा घेतली, आणि काही वेळाने ते उडून पाण्याच्या दुसऱ्या कडेला गेलं तेव्हा त्याचे पंख तपकिरीच राहिले.

मला बाबांचा रिलीव्हर आठवला. कंपनीत बाबा ज्या मशीनवर असत त्याच मशीनवर पाळी संपताना दुसरा माणूस येई, तोच खाकी शर्ट, तीच टोपी. तो आल्याशिवाय बाबा जागा सोडत नसत. लांबून बघणाऱ्याला वाटावं की एकच माणूस दिवसभर उभा आहे. आमच्या तळ्यावरही दोन पाळ्या चालल्या होत्या. दिवसपाळी ढोकरीची. दिवस मावळला की तिचा रिलीव्हर यायचा, आणि उजाडताना भाकरीची गडबड असताना जायचा. रातबगळ्याचं तरणं पिल्लू होतं ते. थोराड झालं की ते राखाडी-काळं होतं आणि मग कुणी फसत नाही. पण तरणं असताना ते अगदी ढोकरीचं सोंग घेऊन फिरतं. आणि काकी तिन्हीसांजेला दिवा लावून आली की त्यालाच आपली लक्ष्मी समजून उरलेलं खायला टाकायची. त्याने पाण्यात चोच मारली आणि वर काढली तेव्हा चोचीत आडवा, चमकता, वीतभर मासा होता. त्याने तो फिरवून डोक्याकडून गिळला. मला इतका आनंद झाला की मी हातातला ढेकळाचा तुकडा त्याच्या अंगावर फेकला. पाखरू दचकलं, मान लांब केली, आणि गिळलेलं सगळं भसकन ओकून हलकं होऊन उडालं. मी धावत जाऊन पाहिलं. जिताड्याचं पिल्लू होतं, अख्खं, डोळा अजून लालसर चमकत होता.

मी धावत जाऊन आईला सांगू शकत होते. बाबांनाही सांगू शकत होते. ते म्हणाले असते, जाऊ दे. म्हणून मी पिल्लू पाण्यात लोटलं आणि गप्प बसले. बायका जत्रेतून परत आल्या तेव्हा पारूताईने विचारलं, "पोट कसं हाय गो?" मी म्हटलं, "भरलंय." काकांचा जुना पाग पडवीत टांगलेला होता. मी तो काढून गवतावर फेकून पाहू लागले. आधी तो गोधडीसारखा गोळा होऊन पडायचा. कोलशेतला मामाकडे गेले तेव्हा त्याने माझा खांदा धरून शिकवलं, दोरी मनगटाला, कडेच्या गोळ्यांतलं एक शीस दातांत, कंबर वळव, मग सोड. कशासाठी हवंय हे त्याने विचारलं. मी सांगितलं. मामाने माझ्या मनगटावरची दोरी पुन्हा आवळली आणि तो म्हणाला, "घाई करू नको. भरती येव दे."

भरती आली ती तुळशीच्या लग्नानंतर. पारूताईची सुपारी फोडायला मुलाकडची माणसं आली. मोठं घराणं होतं, विहीणबाई अंगाने भरदार, बोलायला तिखट, हसली तर छप्पर हलेल अशी. आदल्या सालचा सगळ्यात मोठा जिताडा काढला होता. आईने तो रांधला. तळ्यातला जिताडा तोंडाला लावायचा नाही म्हणून चवही न घेता, फक्त वासावर तिने मीठ-चिंच जमवली. पंगत बसली, विहीणबाईंनी बोटं चाटली, माशाचं डोकं मागून घेतलं आणि "रांधलाय कोनी?" असं विचारलं. काकी म्हणाली, "आमचेच घरान." आई दाराआड उभी होती. सुपारी फुटली, गूळ वाटला गेला, आणि दिवस कलला तसे पाहुणे आंचवून, विडा तोंडात धरून परसात आले. काकीला तिचं वैभव दाखवायचं होतं. मी आधीच उडवीमागे होते, मनगटाला दोरी बांधून.

धोंड्यावर पाळी बदलली होती. काकीने बोट केलं. "ही आमची ढोकरी. बालूच्या आधीपासून हाय. लक्ष्मी हाय, माणसाला भेत नाय." आणि तिने मुठीतला मासळीचा तुकडा टाकला. ते पाखरू पुढे आलं. त्याचं आधीच जेवण झालं होतं हे मी पाहिलेलं होतं. मी शीस दातांत धरलं, कंबर वळवली आणि सोडलं.

पाग उघडला. आयुष्यात माझ्या हातून इतका गोल पाग पुन्हा कधी पडला नाही. पाखरू त्याच्याखाली सापडलं, फडफडलं, क्वाक क्वाक केलं, बायका मागे सरकल्या, काकी किंचाळली, "मेले, लक्ष्मीला मारतेस?" आणि लक्ष्मीने मान लांब करून सगळ्यांच्या देखत ओकायला सुरुवात केली. आधी कल्ले. मग काकीने नुकताच टाकलेला तुकडा. मग एक जिताड्याचं पिल्लू, आणि त्याच्या मागोमाग आणखी एक. दोन्ही विहीणबाईंच्या पायांशी पडली. जाळ्याखाली पंखांवरचे पांढरे ठिपके स्वच्छ दिसत होते, आणि त्याच वेळी बांबूच्या बेटावरून खरी ढोकरी आपले पांढरे पंख दाखवत घरट्याच्या दिशेने निघून गेली. काकांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा जाळ्याकडे. त्यांच्या तोंडून "अगो, ही तं दोन हायेत" एवढंच निघालं. माझ्या आठवणीत त्या वर्षी ते स्वतःहून बोललेलं पहिलं वाक्य.

विहीणबाई वाकून पाहत होत्या. मग त्या सरळ झाल्या आणि हसल्या. "विहीणबाय," त्या म्हणाल्या, "तुमची लक्ष्मी तं तुमचाच घर खातंय. आनि तुमी तिला वरनं वाढतांव."

पापडांच्या दिवशीच्या बायकांपैकी दोघी कुंपणाशी होत्याच. त्यांनी ते ऐकलं, आणि बाळकुमात त्या संध्याकाळी ज्याने ऐकलं नाही असा कुणी राहिला नाही. काकीने माझ्या थोबाडीत मारली. पाच बोटं उठली, आणि मी हसत होते. मला त्या थपडेची गोडी अजून आठवते. मग आई दारातून आली. तिने ती दोन्ही पिल्लं उचलली, तळ्यात धुतली आणि काकीचा हात ओढून तिच्या तळव्यावर ठेवली. "घ्या, जाऊबाय," ती म्हणाली. "ही कोलशेतला पोचवाची रायली." माझी आई कुणाला टोचून बोललेली मी त्याआधी ऐकली नव्हती. बाबांनी पाग उचलला, पाखरू क्षणभर गोंधळून बसलं आणि मग तपकिरी पंखांनी निघून गेलं.

पारूताईचं लग्न थाटात झालं. विहीणबाईंनी ती गोष्ट आयुष्यभर प्रत्येक कार्यात मीठमसाला लावून सांगितली, त्यासाठी मी त्यांची ऋणी आहे. काकी त्यानंतर धोंड्यावर जे बसेल त्याला दगड मारू लागली. दगड बसला तो खऱ्या ढोकरीला, मेली नाही, पण पुन्हा आली नाही. जिच्या पावलांनी बाळू आला ती लक्ष्मी काकीने स्वतःच्या हाताने हाकलली. मामा पुन्हा पिल्लं घेऊन येऊ लागला. पण एक गोष्ट काकीने केली नाही. "चुकलं" म्हणाली नाही. सणावाराला आईच्या पानात मधली, सगळ्यात मोठी तुकडी वाढायची आणि डोळ्याने खूण करायची, खा. आई ती तुकडी उचलून माझ्या पानात ठेवायची. मला वाटलं होतं, चोर सापडला, आता आईचं व्रत सुटेल. नाही सुटलं. लग्नं झाली, बारशी झाली, तुकडी वाढली जायची, तुकडी सरकायची. काकीचं तोंड तेवढ्यापुरतं कडू व्हायचं. मी एका संध्याकाळी सूड घेतला आणि फुशारकी मारत राहिले. आईने तो वर्षानुवर्षं, शांतपणे, एकेक पानाला घेतला. मी तोच खाऊन वाढले, आणि मला तो मानवला.

काकी शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा तळं विकायची बोलणी चालली होती. शेवटचा जिताडा काढला होता. आईने रांधला आणि काटे काढून, भातात कालवून काकीला भरवला. मी उशाशी होते. दोन घास खाल्ल्यावर काकीने आईचा हात धरला. "एक घास तू खा गो," ती म्हणाली. "चोर तं गावला व्हता ना."

"चोर गावला, जाऊबाय," आई म्हणाली. "पन तुमी बोललेला कंदी परत नेलाव?"

आईने ताटलीतून एक घास उचलला आणि हातात धरून ती थांबली. मी आईचा चेहरा ओळखते. काकीने एक शब्द बोलायचा अवकाश होता, तो घास तिने खाल्ला असता. काकीने आईकडे पाहिलं, घासाकडे पाहिलं, ओठ हलवले आणि मान भिंतीकडे फिरवली. आईने तो घास काकीच्या मांजराला घातला, हात धुतले आणि ती काकीचे पाय चेपत बसली. काकी गेल्यावर सगळ्यांत जास्त रडली ती माझी आईच. आणि जिताडा तिने मरेपर्यंत खाल्ला नाही.

आता आमच्या इमारतीखाली शोभेचं तळं आहे. बाळूचा मुलगा सोसायटीचा चेअरमन आहे. त्याने हौसेने त्यात जपानी मासे सोडलेत, लाल-पांढरे, म्हणे फार महागाचे. चेहरा काकीचा, कमरेवर हात ठेवून उभं राहणंही काकीचं. गेल्या आठवड्यात मासे कमी होऊ लागले म्हणून त्याने ग्रुपवर फोटो टाकला. तळ्याकाठी बसलेलं एक चिखलाच्या रंगाचं पाखरू. खाली त्याने लिहिलं होतं, 'डोंट वरी, ही आपली साधी ढोकरी आहे, माझ्या आजीची फेव्हरेट. हार्मलेस.' सत्तावीस जणांनी अंगठे दिले. मी चष्मा लावून फोटो मोठा केला. पंखांवर पांढरे ठिपके, शिंतोडे उडाल्यासारखे.

संध्याकाळी मी चहा घेऊन बाल्कनीत बसते. दिवे लागायच्या सुमाराला ते येतं, कडेला उतरतं, मान आखडून घेतं. कुणावर आळ आला तर मी त्याच पावली खाली उतरेन, वॉचमनवर नाही, माळ्यावर नाही, कुणावरच येऊ देणार नाही. पण अजून तसं काही झालेलं नाही. नुसते मासे जातायत. काल एक चांगला दांडगा, लाल, डोक्याकडून गिळला. चेअरमनला कळवायचं तर एका फोनचं काम आहे. फोन मी आत चार्जिंगला लावलाय.